अपिअरन्सचा (मॉडेलच्या रंगरूपाचा) गुंता सोडवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सॉलिडवर्क्स या यंत्रांचे भाग डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या पंपाच्या असेंब्लीचं (सगळे भाग जोडलेल्या मॉडेलचं) रेंडर, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं आणि फ्लॅन्जवरचे (जोडणीच्या कडेवरचे) आठ बोल्ट काही केल्या एकसारखे दिसत नव्हते. पाच फिकट, दोन काळपट, एक चक्क निळा. पार्ट, म्हणजे बोल्टची मूळ फाइल, मात्र एकच! मी तो उघडून रंग बदलत होते, सेव्ह करून असेंब्लीत परतत होते आणि तिथे तसूभरही फरक पडत नव्हता. रडकुंडीला आले होते. तेव्हा तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून शेजारी येऊन बसलात.

माउसला तुम्ही हातही लावला नाहीत. "रंग बदलू नकोस, आधी तो कुठे बसलाय ते शोध," एवढंच म्हणालात. सॉलिडवर्क्समध्ये पार्टला दिलेला रंग सगळ्यांत खाली. त्यावर बॉडी (अखंड आकार), फीचर (त्यातलं भोक, खाच वगैरे) आणि फेस (एकेक पृष्ठभाग) यांचे रंग, आणि असेंब्लीत कंपोनंटला, म्हणजे तिथे बसवलेल्या पार्टला, दिलेला रंग या सगळ्यांना झाकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. बोल्ट स्टेप फाइलमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मॉडेल आणायच्या फाइलमधून) आलेला, म्हणून त्याच्या प्रत्येक फेसवर रंग स्वतंत्रपणे चिकटलेला. उरलेले तीन मीच कधीतरी असेंब्लीत रंगवून विसरले होते. वरचे थर काढले, पार्टला एकदाच रंग दिला आणि आठही बोल्ट एका क्षणात जुळले.

जाता जाता स्टँडचं वजनही तुमच्याच नजरेला खटकलं. फिकट दिसावा म्हणून मी त्याला मटेरियलच ॲल्युमिनियम देऊन टाकलं होतं. पोलादाची घनमीटरला 7850 किलो ही घनता 2700 वर आली, वजन जवळपास एक तृतीयांश! दिसणं वेगळं, मटेरियल वेगळं! तुम्ही पाहिलं नसतं तर ही चूक ड्रॉइंगपर्यंत गेली असती.

पण सगळ्यांत जास्त आभार कव्हरच्या त्या दोन पत्र्यांसाठी. दोन्हींना तेच ब्रश फिनिश (बारीक समांतर रेषांचं), तरी एक उजळ, एक मळकट. मी तासभर रंग उजळ-गडद करत बसले होते. तुम्ही झूम करायला लावलंत: एकावर रेषा उभ्या, दुसऱ्यावर आडव्या. टेक्स्चर (या रेषांची नक्षी) पार्टच्या स्वतःच्या अक्षांना धरून बसतं, आणि मी ते दोन पत्रे वेगवेगळ्या प्लेनवर काढले होते. ब्रश केलेल्या धातूवर चमक रेषांना आडवी पसरते, त्यामुळे दिशा बदलली की धातूच बदलल्यासारखा वाटतो. मॅपिंग, म्हणजे टेक्स्चरची मांडणी, 90 अंशांनी फिरवलं, स्केल दोन्हीकडे सारखा केला. रंगाला हातही लावावा लागला नाही. तेव्हापासून खऱ्या पत्र्यावरही मी आधी रेषांची दिशा बघते.

आता आमची अपिअरन्सची एकच सामाईक लायब्ररी आहे. तिच्यातली नावं रंगावरून नाहीत, प्रक्रियेवरून आहेत: झिंक प्लेटेड, पावडर कोट मॅट, ब्रश स्टेनलेस. तुलनेची रेंडर्स नेहमी एकाच प्रकाशात. फक्त मॅट पावडर कोटचा रफनेस (खरखरीतपणा) मला अजून पटत नाही. सवड मिळेल तेव्हा एकदा बघाल का?

तुमची,
शेजारच्या टेबलावरची