पाहुणा दुसरा आला, तात्या

आदरणीय तात्या,
साष्टांग नमस्कार.

परवाच्या प्रदर्शनात दोन दाती (दोन पक्के दात आलेल्या) खिलार खोंडांच्या गटात आपला पाहुणा दुसरा आला. पहिला आलेला खोंड देखणाच होता, दोन्ही शिंगं एका साच्यातली. हे मी म्हणतोय. आबा अजून पंचांवर फुगून आहेत. पण फेटा बांधून घेताना त्यांनी तुमचं नाव काढलं. तेव्हा लाज वाटली. अडीच वर्षं झाली, तुम्हाला साधं पत्र नाही.

कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, हे रेडिओवाल्यांसाठी. आमची चिखली पडली प्रयागाला, नद्यांच्या संगमावर; आमच्यात पाणी आकड्याची वाट बघत नाही. २०१९ ला "उतरंल की" म्हणत बसलो आणि एक बैल गेला. म्हणून जुलै २०२१ ला पहाटेच दावी सोडली. दोन बैल, एक वळू आणि दिवस भरलेली चंद्री. सोनतळीच्या पुनर्वसन वसाहतीत जनावर बांधायला जागा उरली नव्हती. पन्हाळा रस्त्याला पावसात उभे होतो, तर तुम्ही गाडी थांबवलीत. आमचं नाव-गाव नाही, काही नाही. "गाय कधी व्यायची?" एवढंच विचारलंत.

तुमच्या दोन म्हशी तुम्ही ताडपत्रीखाली बाहेर काढल्यात आणि गोठ्यातली कोरडी जागा चंद्रीला दिलीत. खूर चिखलात कुजू नयेत म्हणून खाली पाचट अंथरलंत. वैरण कुठली मिळणार त्या दिवसांत? वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडणीच्या हंगामात; पावसाळ्यात कुठलं वाडं. तर तुम्ही कारखान्याला जायचा उभा ऊस तोडून आणलात. नऊ दिवस. पैशाचं काढलं तर आक्का आबांवर अशा उखडल्या, की त्यांनी खिशातला हात बाहेर काढला नाही तो नाहीच.

चौथ्या रात्री चंद्री व्याली. खिलार अनोळखी माणसाला जवळ फिरकू देत नाही, आणि ती तर शिंग उगारणारी. तरी तुम्ही लांबूनच "हो, हो, बाय माझी" करत दोन तास बसलात. वासरू उठून चीक प्यायला लागलं तेव्हा "हा आमचा पाहुणा" म्हणालात. तेच नाव राहिलं.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. चंद्रीची आजी आमच्या पणजोबांनी खरसुंडीच्या यात्रेतून चालवत आणली होती. २०१४ ला कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्यावर लोकांनी खिलार विकून जर्सी बांधली. दूध म्हणाल तर खिलार गायीचं वासरालाच पुरतं, मग शर्यत नाही तर ठेवायची कशाला, हा त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. आबांनी मात्र त्या सात वर्षांत एक गाय राखली, ती चंद्री. तिच्या पोटात काय होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगतोय.

डिसेंबर २०२१ ला कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि आठवड्यात व्यापारी दारात. पाच महिन्यांच्या वासराला बोली! आबा म्हणाले, "पाहुणा कोण विकतं व्हय?" पुढच्या वर्षी जनावरांचा लम्पी रोग आला, चंद्रीच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले. ती राहिली नाही. पाहुण्याला लस टोचली होती, तो तरला. आता तिच्या रक्ताचा तो एवढाच आहे आमच्याकडं. पुढच्या वर्षापासून गावातल्या गाई त्याच्याकडं आणतील.

महाराष्ट्र बेंदराला, बैलांच्या सणाला, आम्ही त्याला घेऊन तुमच्या वस्तीवर येतोय. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, सगळं करून. पुरणपोळीचं आक्कांना सांगून ठेवा, पहिला नैवेद्य त्याला तुमच्याच हातून. फक्त म्हशी तेवढ्या पलीकडं बांधा. ज्यांच्या जागेत जन्मला त्यांच्यावरच तो डोळे वटारतो, गुण आईचे.

तुमचा,
चिखलीचा पोरगा