३८ चे ३९ करून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

तुम्ही नोकरी सोडलीत त्या दिवशी केक, फोटो आणि भाषणांच्या गडबडीत हे राहूनच गेलं. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

जुलैतली ती संध्याकाळ आठवते? साकीनाक्याला रस्ता तुंबलेला आणि मी मात्र खुशीत. थकलेल्या हप्त्यावरच्या दंडव्याजाची टेस्ट, म्हणजे हिशेबाचा कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, लिहून झाली होती. सगळं हिरवं, म्हणजे पास. निघता निघता तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत. "सकाळीही टेस्ट ३८ च होत्या ना रे?" मग म्हणालात, "अपेक्षित रकमेत एक रुपया वाढव आणि चालव." वाढवला. तरी हिरवंच! पोटात गोळा आला.

टेस्टची मेथडच, म्हणजे कोडचा तो तुकडाच, मी प्रायव्हेट लिहिली होती, बाहेर कुणाला न दिसणारी. कॉलेजात घोकलेलं ना, दाखवायची गरज नाही ते सगळं प्रायव्हेट. जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिट ४ ने निदान आरडाओरडा केला असता, तिथे टेस्ट पब्लिकच, म्हणजे सगळ्यांना दिसणारी, लागते. २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ ने ती सक्ती काढली. पुढे काहीच न लिहिलेली मेथडही चालते, फक्त प्रायव्हेट नको. आपल्याकडच्या व्हर्जनमध्ये तशी टेस्ट गुपचूप वगळली जायची. 'प्रायव्हेट' शब्द खोडला, वाढवलेला रुपया काढला. ३९ झाल्या आणि त्यातली एक लाल! ११२.५० चे ११३ व्हायला हवे होते. मी रक्कम थेट इंटमध्ये, म्हणजे फक्त पूर्णांक मावणाऱ्या जागेत, कोंबलेली, म्हणून ११२ च येत होते.

त्याहून मोलाचं पुढचं. राउंडिंगची मेथड टेस्टला दिसावी म्हणून मी ती चक्क पब्लिक करून ठेवली होती. तुम्ही रागावला नाहीत, गिरगावातल्या तुमच्या चाळीवर आलात. "शेजारणीला स्वयंपाकघर दिसावं म्हणून रस्त्याकडची भिंत पाडतं का कुणी? गॅलरी आहे की!" म्हणजे मेथडपुढे पब्लिकही नाही, प्रायव्हेटही नाही. त्याच पॅकेजातल्यांना, म्हणजे कोडच्या त्याच गटातल्यांना, ती दिसते. टेस्टचं फोल्डर वेगळं असलं तरी पॅकेज तेच ठेवायचं. "बिऱ्हाड वेगळं, मजला एकच." रिफ्लेक्शन, म्हणजे प्रायव्हेट मेथडही आडवाटेने चालवायची सोय, वापरू का विचारलं, तर म्हणालात, "खिडकीतून शिरणार का?"

मग तो सगळा हिशेबच वेगळ्या छोट्या क्लासात, म्हणजे मेथडींच्या वेगळ्या घरात, काढायला लावलात. तेव्हा ते मला उगाच वाटलं होतं. खरं सांगू? अजूनही थोडं वाटतं. भेटलात की त्यावर भांडू, कटिंग माझ्याकडून.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा