स्टेम सेल टाकल्या म्हणजे गादी तयार झाली, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुडघ्याच्या स्टेम सेल (म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) उपचारांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. सोपा लिहिलाय, पण पेशी टाकल्या की झिजलेली गादी परत तयार होते असं त्यात जे सरळ लिहून टाकलंय त्याला माझी मनापासून हरकत आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशी कात्रणं घेऊन येणारे पेशंट मला नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ही गादी म्हणजे कार्टिलेज, सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर, त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही, वजनाच्या ७०-८० टक्के नुसतं पाणी. पाय टेकला की ती स्पंजसारखी दाबली जाते, उचलला की सांध्यातलं पाणी परत आत ओढलं जातं आणि आतल्या पेशींना अन्न पोचायला त्याची मदत होते. म्हणजे दाब हा तिच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे, आणि लेखात नेमका दाबाबद्दल एक शब्द नाही.

२००० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जनावराच्या सांध्यातल्या कार्टिलेजच्या पेशी अ‍ॅगरोजच्या (समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाच्या) जेलमध्ये घालून ते जेल सेकंदाला एकदा, जाडीच्या साधारण १० टक्के, असं दाबत राहिले, मध्ये मध्ये विश्रांती देऊन, आणि २८ दिवसांनी ते न दाबलेल्या जेलपेक्षा जवळजवळ सहापट घट्ट झालं होतं. नुसतं दाबून धरून ठेवलं तर मात्र उलटं होतं, पेशींचं काम मंदावतं. दाब यायला पाहिजे आणि जायलाही पाहिजे.

पण त्या मुळातच कार्टिलेजच्या पेशी होत्या. बोनमॅरोतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) स्टेम सेलचं गणित वेगळं आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००८ ते २०१० च्या सुमारास असं दिसलं की टीजीएफ-बीटा हे वाढीचं प्रोटीन देत असताना पहिल्या दिवसापासूनच दाबायला सुरुवात केली तर कार्टिलेज कमी बनतं, आणि तोच दाब तीन आठवडे थांबून, पेशींनी आपल्याभोवती जाळं विणल्यावर दिला तर फायदा होतो. म्हणजे दाब तोच, पेशी त्याच, फक्त वेळ बदलली की निकाल उलटा! शिवाय या पेशी कार्टिलेजवर थांबत नाहीत, फुगून हाडाच्या वाटेला लागतात, तेही योग्य दाबाने कमी होतं असं काही प्रयोगांत दिसलंय.

स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या एओ संशोधन संस्थेने तर पॉलियुरेथेनच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) सच्छिद्र साच्यात माणसाच्या स्टेम सेल घालून वरून सिरॅमिकचा गोळा दाबत दाबत फिरवला, म्हणजे दाबही आणि घासणंही, सांध्यात होतं तसं. नुसत्या दाबाने जमलं नाही, नुसत्या घासण्यानेही नाही, दोन्ही एकत्र दिल्यावर बाहेरून टीजीएफ-बीटा न घालताही पेशी कार्टिलेजकडे वळल्या (हा २०११ चा पेपर मला फार आवडतो).

हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, त्यातले तीन आठवडे उचलून पेशंटला लावता येत नाहीत हे मान्य. पण गुडघ्यात पेशी सोडल्या आणि पुढे त्यावर किती वजन कधी येणार हे कोणी बघितलंच नाही तर काय उपयोग? टोरांटोचे हाडांचे सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांनी १९८० मध्ये सशांवर दाखवलं होतं की इजा झालेला सांधा प्लास्टरमध्ये बांधून ठेवण्यापेक्षा सतत हळूहळू हलवत ठेवला तर कार्टिलेज चांगलं भरून येतं. आमच्याकडे मात्र कार्टिलेजच्या ऑपरेशननंतर कोणी वॉकर टाकून लगेच जिने चढायला लागतो, तर कोणाला घरचे प्रेमापोटी महिनोन्महिने पलंगावरून उतरू देत नाहीत, आणि दोघांनाही आधी नीट सांगितलेलं नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लाखाच्या घरातला खर्च करून बसलेली माणसं असतात ही.

स्टेम सेल संशोधनाच्या आपल्या देशातल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार मंजूर ट्रायलच्या (पेशंटवर रीतसर घेतलेल्या चाचणीच्या) बाहेर करता येत नाही, आणि ट्रायल असेल तर त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. लेखात हे दोन ओळींत आलं असतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर डॉक्टरांची मुलाखत घ्याल तेव्हा त्यांना विचारा की उपचाराला मान्यता आहे का, नसेल तर ट्रायलचा नोंदणी क्रमांक काय, पेशी कुठल्या साच्यात घालून बसवता की नुसत्या टोचता, आणि पाय टेकायला, वजन द्यायला, जिना चढायला कधीपासून सांगता आणि ते कशाच्या आधारावर. आणि उत्तरं जशी येतील तशी छापा.

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा