क्लेमेंटी फक्त शिकाऊंचा नाही

महोदय,

पियानो शिकणाऱ्या मुलांकडून मुझिओ क्लेमेंटी या संगीतकाराच्या सोनाटिना, म्हणजे छोट्या सोप्या सोनाटा, इतक्या घोटून घेतल्या जातात, की हा गृहस्थ सरावापुरतेच लिहीत होता असे वाटावे. त्याच्या मोठ्या सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, ऐकणाऱ्यांना म्हणूनच धक्का बसतो. २४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने त्याची मोझार्टशी जुगलबंदी लावली. क्लेमेंटीने मोझार्टचे मोकळेपणी कौतुक केले. मोझार्टने मात्र वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याची ‘यांत्रिक’ म्हणून बोळवण केली. तो शिक्का अजून पुसलेला नाही. गंमत म्हणजे, क्लेमेंटीने तेव्हा वाजवलेल्या सोनाटाची सुरुवातीची धून दहा वर्षांनी मोझार्टच्याच ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये (सुरुवातीच्या वाद्यसंगीतात) ऐकू येते!

बेथोव्हनला या सोनाटा फार आवडत. पियानोवादक होरोविट्झने १९५०च्या दशकात काहींचे ध्वनिमुद्रण केले, ते आजही सहज मिळते. १८२१ची ‘दिदोने आब्बान्दोनाता’ (टाकलेली दिदो) ही ‘जी मायनर’ स्वरश्रेणीतली सोनाटा तर जरूर ऐकावी. प्रियकराने टाकलेल्या दिदो राणीचा आक्रोश तिच्यात आहे, आणि कुठेही भडकपणा नाही. पियानोच्या शिक्षकांनी निदान ही एक सोनाटा तरी मुलांना ऐकवावी.

– एक वाचक, पुणे