अण्णा, तुमच्या रजिस्टरात न मावलेल्या कामाबद्दल

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव लिहीत नाही. तुमच्या घरी तुमच्याबद्दल अजून माहीत नाही, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगून ठेवलं होतं. सोलापुरात गल्लोगल्ली एक अण्णा असतो, तेव्हा काळजी नसावी.

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातली पोरं समलिंगी लोकांच्या हक्कांच्या कामात का पडतात, असं मला लोक अजून विचारतात. सूर बहुतेक वेळा ‘तुला दुसरा विषय नाही मिळाला का’ असा. खरं तर आमच्यापैकी कुणीच हा विषय निवडला नव्हता. फिल्डवर्कची यादी लागली, आमची नावं तुम्ही काम करता त्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पापुढे होती, हजेरी सक्तीची. एकाला बालकल्याण हवं होतं, तो तर महिनाभर तोंड पाडून फिरायचा. “काय लिहायलास बे एवढं? आधी माणसाशी बोल की,” हे तुमचं वाक्य त्यालाच उद्देशून होतं. आज तो या कामात आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

टिकून राहण्याची कारणं मात्र ज्याची त्याची वेगळी. एकजण आंबेडकरी चळवळीच्या घरातला. माणसाची प्रतिष्ठा म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागलं नाही, उलट तोच आम्हाला राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, समजावून सांगायचा. एकीचा मावसभाऊ घर सोडून पुण्याला गेलेला, त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. एक मित्र स्वतःच समलिंगी. त्यानं ते आधी तुम्हाला सांगितलं आणि बऱ्याच दिवसांनी आम्हाला.

माझं कारण म्हणजे तो यंत्रमागावरचा मुलगा. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. लग्न ठरवायचं चाललेलं, आणि ‘त्याआधी बरा करून देतो’ म्हणणाऱ्या एका डॉक्टरांची औषधं सुरू. मी आपली समुपदेशनाची तयारी करून आले होते. तुम्ही पिशवीतून घड्या पडून फाटायला आलेली झेरॉक्स काढलीत, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची. कलम 3 खाली पेनानं रेघ मारलेली. आपल्या समाजातल्या नैतिक, सामाजिक चालीरीतींप्रमाणे माणूस वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं त्यात आहे. ते तुम्ही त्याच्या वडलांना तेलुगूत थांबत थांबत सांगितलंत. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय, हेही सांगितलंत. असले ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये कळवलंय, हेसुद्धा. आई सुपात मान घालून पत्र्याच्या साच्यावर बिडीची पानं कापत होती. ती एवढंच म्हणाली, “मग औषधाचे पैसे परत मिळतील का?”

तुम्ही हसला नाहीत. “मागून बघू,” म्हणालात, आणि खरंच मागायला गेलात. पैसे मिळाले नाहीत, पण औषधं बंद झाली.

परत येताना मला कळेना की या केसमध्ये समुपदेशन नक्की कुणाचं करायचं. मुलाला काही झालेलंच नव्हतं. अडचण दवाखान्यात होती, ठरत आलेल्या लग्नात होती, शेजारच्या दारात होती. वर्गात शिकलेला स्वयंनिर्णयाचा हक्क त्याला एकट्याला समजावून काय उपयोग? दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कॉलेजात जाऊन बोलायलाच हवं होतं. याला कुणी चळवळ म्हणतं. आम्हाला ते राहिलेलं फिल्डवर्क वाटलं.

आणखी एक गोष्ट तुम्हीच दाखवून दिलीत, त्याबद्दल जास्त आभार. मी विचारलं होतं, तुमच्या रजिस्टरात बायका का नाहीत? तुम्ही म्हणालात, “प्रकल्प एचआयव्हीचा आहे. लेस्बियन पोरींना जोखीम कमी धरतात, म्हणून रकाना नाही. ते तुम्ही पोरींनी बघा.” आपलं काम कुठं संपतं हे एवढं सरळ सांगणारा कार्यकर्ता मी दुसरा पाहिला नाही. आम्ही बघायला लागलो तेव्हा कळलं, की मुली दवाखान्यात येतच नाहीत. त्या सापडतात त्या ‘मिसिंग’च्या तक्रारीत. दोघी मैत्रिणी घर सोडतात, घरचे तक्रार देतात, आणि सज्ञान बाईनं कुठं राहायचं हे तिनं स्वतः जबाबात सांगायचं असतं, हे त्या पोरींना माहीतच नसतं. आम्ही तेवढंच एका कागदावर छापलं आणि हॉस्टेलमधून वाटलं.

‘तू पण तसलीच का?’ हे तेव्हापासून ऐकतेय. त्यावरचं उत्तर तुमचंच वापरते: बिडी कामगारांत काम करायला बिडी वळता यावी लागते का?

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा आम्ही सगळे रडवेले होऊन तुमच्याकडे आलो. 2018 च्या 6 सप्टेंबरला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटका झाली, तेव्हा पेढे वाटलेला माणूस आता काय म्हणेल, असं वाटत होतं. तुम्ही भरपूर शिव्या दिल्यात (त्या इथं लिहिता येत नाहीत), मग घड्याळ बघून संध्याकाळच्या फेरीला निघालात. आम्हीही मागोमाग आलो.

नव्या बॅचची दोन मुलं पुढच्या सोमवारी तुमच्याकडे येतील. त्यातला एक फार लिहितो. आणि ती झेरॉक्स आता टाकून द्या, नवी लॅमिनेट करून त्यांच्याबरोबर पाठवतेय.

तुमची,
एक जुनी विद्यार्थिनी, सोलापूर