वांग्याचा शेंडा चिरून दाखवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. गोराईत ज्यांची भाजी आहे ते ओळखतीलच, आणि ओळखायलाच हवं.

आमच्या वांग्यांचे शेंडे एकामागून एक माना टाकत होते. कृषी सेवा केंद्रात गेलं की हातात नवी बाटली. ही लागू पडली नाही? मग ती घ्या, दोन्ही मिसळून मारा. तोडणीच्या आदल्या दिवशी मारली तरी काही होत नाही, हेही वर. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, पण सोबत विद्राव्य खत उचललं तरच मिळणार. शेतात येऊन झाड बघायला मात्र कोणाला सवड नव्हती. दुकानदाराचं एक वेळ सोडा, ज्यांना त्याच कामाचा पगार मिळतो तेही फिरकले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तर मामाकडे सुट्टीला आलेल्या. सरीत उकिडव्या बसलात, सुकलेला शेंडा खुडलात आणि नखाने उभा चिरलात. आत पोखरलेली पोकळी, काळपट घाण आणि गुलाबीसर अळी. सासूबाईंना आताशा नीट दिसत नाही. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि अळी अलगद तळव्यावर ठेवलीत. वळवळ जाणवली तशा त्या दचकल्या, मग हसल्या. "आजी, ही एकदा आत शिरली की वरून कितीही फवारा, हिच्यापर्यंत औषध पोचत नाही," एवढंच बोललात. जन्मभर भाजी केलेल्या बाईला शिकवतोय असा आव कुठेच नव्हता. आमच्याकडे त्यांना कोणी काही दाखवायला जात नाही, सगळे माझ्याशी किंवा ह्यांच्याशीच बोलतात. तुम्ही आधी त्यांच्याकडे वळलात. माझ्या मनात सगळ्यात जास्त तेच घर करून राहिलंय.

बाकी तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय. किडके शेंडे खुडून जाळतो, ह्या अळीचे नर पतंग मादीच्या वासाने ओढून घेणारे कामगंध सापळे लावलेत, निंबोळी अर्क मारतो. युरिया थोडा थोडा विभागून देतो. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत होतं आणि मावा-तुडतुडे त्याच्यावरच तुटून पडतात, हे गोणी विकणाऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. सऱ्यांत भाताचा पेंढा अंथरल्यापासून निंदणीची मजुरीही वाचतेय. लव्हाळा तेवढा हटत नाही, तो गाठींसकट खणूनच काढावा लागतोय.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, ताई. न बोलावता दुसऱ्याच्या चिखलात उतरणारी कमी. असं कोणी भेटलं की पुढे बराच काळ माणसांशी जरा बऱ्या तोंडाने बोलावंसं वाटतं.

सासूबाई सापळ्यात किती पतंग पडले ते रोज विचारतात, आणि तुम्ही कधी येणार तेही. पुढच्या खेपेला बोटीत बसायच्या आधी फोन करा. वांगी न्यावीच लागतील, आणि पैशाचं नाव काढायचं नाही.

तुमची,
गोराईची एक भाजीवाली