पदवी समकक्ष, तरी जाहिरातीत ‘रेग्युलर’च हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवी प्रवेशांची चर्चा दरवर्षी बारावीच्या गुणांभोवती आणि ‘कटऑफ’भोवती फिरते. संसाराची, नोकरीची पंधरा-वीस वर्षे उलटल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्यांची दखल तीत क्वचितच घेतली जाते. तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी शिक्षिका, म्हणून काम करते. रविवारच्या संपर्क सत्रांना औषधाच्या दुकानातले मदतनीस, एसटीचे वाहक आणि पदवीअभावी मुख्यसेविकेच्या पदापर्यंत पोहोचू न शकलेल्या अंगणवाडी सेविका येतात. अभ्यासाला ही मंडळी डगमगत नाहीत. गृहपाठ वेळेवर देण्यात तर ती महाविद्यालयीन मुलांच्या कितीतरी पुढे असतात. त्यांची खरी अडवणूक होते ती कागदावर.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली, ती ज्ञानगंगा घरोघरी नेण्यासाठी. मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये नव्याने स्पष्टही केले. तरीही खासगी कंपन्यांच्या जाहिरातींत ‘फक्त रेग्युलर पदवीधारकांनी अर्ज करावा’ ही ओळ सर्रास आढळते. वैद्यक, अभियांत्रिकी या शाखा दूरस्थ पद्धतीने शिकवल्याच जात नाहीत, तेव्हा त्यांचा प्रश्न येत नाही. पण हिशेबनीस किंवा कार्यालयीन साहाय्यक नेमताना ही अट कशासाठी, हे कोणी सांगत नाही. दिवसभर काम करून रात्री अभ्यास केलेल्या माणसाचा अनुभव तर खरे पाहता जमेची बाजू ठरायला हवा.

स्त्रियांची अडचण त्याही आधी, प्रवेशाच्याच वेळी सुरू होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि विवाहनोंदणी बहुधा केलेलीच नसते. नावे जुळली नाहीत की श्रेयांक बँकेचे, म्हणजे अभ्यासक्रमांतून मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या डिजिटल व्यवस्थेचे, खाते उघडताना गाडी अडते. एका विद्यार्थिनीने तर दाखला, शिधापत्रिका आणि जपून ठेवलेली लग्नपत्रिका अशी तिन्ही कागदपत्रे टेबलावर मांडून ‘मॅडम, ह्यातलं कुठलं चालेल?’ असे विचारले. चालण्यासारखे त्यात एकही नव्हते. राजपत्रात नावबदल छापून आणायचा तर शुल्क, सेतू केंद्राच्या खेपा आणि बुडणारी मजुरी. तोवर प्रवेशाची मुदत टळून जाते. या श्रेयांक बँकेत मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात, ही तरतूद मध्येच शिक्षण सुटणाऱ्या बायकांसाठी किती मोलाची आहे! पण तिचा लाभ घ्यायला आधी खाते तर उघडले पाहिजे.

तेव्हा उच्च व तंत्रशिक्षण विभागाने दोन गोष्टी कराव्यात. महसूल विभागाच्या मदतीने प्रवेशाच्या काळात तालुक्याच्या प्रत्येक अभ्यासकेंद्रावर नावदुरुस्तीचे शिबिर घ्यावे, आणि शासनाच्या रोजगार मेळाव्यांत येणाऱ्या आस्थापनांना ‘रेग्युलर’ची अट काढल्याशिवाय जागा देऊ नये.

आपली,
एक समंत्रक